क्रँकशाफ्टचा तोल

कला शाखेच्या वार्षिकांकात इंजिनाचा विषय पाहून काही प्राध्यापक भुवया उंचावतील. परंतु महागाव तालुक्यात विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची धडधड ज्याने ऐकली आहे, त्याला हा विषय परका वाटू नये.

माझ्या लहानपणी आमच्या एका सिलिंडरच्या इंजिनात मिस्त्रीने दुसऱ्या जातीचा, पण मापात बसणारा पिस्टन घातला. इंजिन सुरू झाले आणि पायावर नाचू लागले! आठ दिवसांत बोल्ट ढिले झाले, सिमेंटला तडा गेला. शेवटी वडिलांनी दोन्ही पिस्टन किराणा दुकानातल्या तराजूत घातले. नवा जड निघाला.

याचे कारण असे. क्रँकपिन व कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक गोल फिरतात. त्यांचा भार समोरच्या बाजूच्या प्रतिभाराने पूर्ण तोलता येतो. पिस्टन मात्र वरखाली होतो. त्याचा सगळा भार फिरत्या वजनाने तोलू गेल्यास वरखाली बसणारे हादरे आडवे बसू लागतात. म्हणून साधारण निम्माच भार तोलतात. ही तडजोडच होय, आणि ती मूळ पिस्टनच्या वजनावर बेतलेली असते.

मोटारीत हे प्रकरण अधिक बिकट. अक्षापासून ५ सेंटिमीटरवर १० ग्रॅम वजन जास्त असेल, तर मिनिटाला १,५०० फेऱ्यांना सुमारे सव्वा किलो वजनाइतकी ओढ बसते. ६,००० फेऱ्यांना तीच २० किलोंवर जाते. वेग चौपट, ओढ सोळापट! म्हणून खास बांधणीच्या इंजिनात प्रथम सर्व पिस्टन सर्वांत हलक्या पिस्टनइतके करतात, रॉडची दोन्ही टोके वेगवेगळी तोलतात. मग क्रँकशाफ्ट यंत्रावर फिरवून दोन्ही टोकांशी तोल पाहतात. कारण एका टोकाचा जडपणा दुसऱ्या टोकाच्या उलट बाजूस असेल, तर स्थिर शाफ्ट निर्दोष दिसतो व फिरताना डगमगतो. सरळ रांगेच्या चार सिलिंडरांत क्रँक परस्परांना तोलतात. व्ही-८ मध्ये मात्र क्रँकपिनवर हिशेबाची वजने बांधूनच शाफ्ट फिरवावा लागतो. जड बाजूस भोक पाडतात; प्रतिभार कमी पडल्यास पोलादाच्या जवळजवळ अडीचपट घनतेचा टंगस्टन त्यात बसवतात.

पुण्यात १९६१ साली स्थापन झालेल्या भारत फोर्जचे क्रँकशाफ्ट परदेशी वाहनांतही जातात. आमच्या इंजिनाचा योग्य पिस्टन मात्र यवतमाळहून यायला पंधरा दिवस लागले. तोवर भुईमूग वाळला होता.