भोरड्या जातात कुठं?

प्रश्न : पुण्याला मुलाकडं गेलो की सकाळी येरवड्याजवळच्या नदीकाठच्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्यात चक्कर मारतो. दिवाळीनंतर नदीत बदकंच बदकं दिसतात, मे महिन्यात मात्र चार-दोनच. आमच्या ज्वारीवरच्या भोरड्यांचंही तसंच. ही पाखरं उन्हाळ्यात जातात कुठं? आणि पुढच्या वर्षी येतात ती तीच असतात का?
– एक वाचक, वारंगा फाटा (ता. कळमनुरी)

उत्तर : मे महिन्यात तुम्हाला दिसलेली चार-दोन बदकं बहुधा हळदी-कुंकू असावीत. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असतो, म्हणून हे नाव. ती इथलीच, बारमाही. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हे मात्र पाहुणे. चक्रवाकाची अंडी-पिल्लं लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांकाठी होतात, थापट्याची त्याहून उत्तरेला, मध्य आशिया आणि सायबेरियाकडं. तिकडं हिवाळ्यात पाणी गोठतं, खाणं संपतं, म्हणून ती इकडं येतात. पोट भरायला आपला देश आणि लेकरं वाढवायला तो! अभयारण्याजवळच्या त्या मुळा-मुठेचं पाणी किती घाण आहे ते तुम्ही पाहिलंच असेल. शेकाट्यासारखे पक्षी त्यातही किडे टिपत उभे राहतात, पण त्यावरून नदी धड आहे असं कुणी समजू नये.

आता भोरड्या. तुमच्या प्रश्नातला खरा मुद्दा हाच. पोळ्याच्या आगेमागे त्यांचे थवे मराठवाड्यात उतरू लागतात, ज्वारी हुरड्यात आली की कणसांवर तुटून पडतात. मग माळ्यावर उभं राहून गोफण, पत्र्याचे डबे, आरोळ्या! फाल्गुनात पळस-पांगारा फुलला की हीच पाखरं चोची रंगवून मध पीत असतात, म्हणून त्यांना पळसमैनाही म्हणतात. पाडव्यानंतर त्या उडतात त्या थेट मध्य आशियाच्या गवताळ माळांकडं, काही तर पूर्व युरोपापर्यंत. तिथं दगडांच्या कपारीत हजारोंच्या वस्त्या करून राहतात आणि पिल्लांना टोळ-नाकतोडे भरवतात. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून या पक्ष्यांसाठी मुद्दाम दगडविटांची घरटी बांधून देतात. आपल्याकडं ज्याला गोफणीचा दगड, त्याला तिकडं घर! आपल्या रानातही त्या नाकतोडे आणि अळ्या खातात, पण हुरड्याच्या दिवसांत हे शेतकऱ्याला पटवायला जाऊ नये.

तीच पाखरं परत येतात का? थव्यातल्या भोरडीचं सांगणं अवघड आहे. धोबी पक्ष्याचं मात्र माहीत आहे. मुंबईतल्या एका हिरवळीवर पायात कडी घातलेला करड्या रंगाचा धोबी पुढची काही वर्षं त्याच हिरवळीवर परत आल्याचं खुद्द सालिम अलींनी सांगितलं आहे. पाखरू चिमणीएवढं, वाट हिमालयाकडची, आणि उतरायचं ते त्याच अंगणात. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं 1959 नंतर मोठ्या प्रमाणावर कडी घालायचं काम केलं, त्यातून अशा वाटा उलगडत गेल्या.

आणि उन्हाळा काही रिकामा जात नाही. पावश्या 'पेर्ते व्हा' म्हणत घसा फोडतो. तांबट भर दुपारी टुक्-टुक् करत बसतो. मृगाच्या सुमाराला आफ्रिकेकडून चातक येतो आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालून मोकळा होतो. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकतात. बहिणाबाईंनी कौतुक केलं सुगरणीचं, पण विणकाम करतो नर. मादी पसंती देते!

पुण्याची वाट कशाला पाहता? इसापूरचं धरण तुमच्याच तालुक्याच्या कडेला आहे. थंडीत सूर्योदयाला पाण्याच्या काठी जा, भडक कपडे घालू नका. आणि यंदा भोरड्यांचा पहिला थवा दिसेल ती तारीख कालनिर्णयावर लिहून ठेवा, आम्हालाही कळवा.