सर्व्हर अडखळतोय? पाकीट काढायच्या आधी

“मामा, सोळा जीबीचा प्लॅन घेऊन दे ना, सर्व्हर फार लॅग होतोय.” मे महिन्यात नाशिकहून भाच्याचा फोन आला. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर, खेळणारी पोरं सहा. हातात असलेला आठ जीबीचा प्लॅन महिना 1,200 रुपयांचा, सोळाचा 2,400. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की वर्षाचे 33,984 रुपये. एवढ्यात बरा सेकंडहँड लॅपटॉप येतो. पैसे देण्याआधी मी एक संध्याकाळ मागून घेतली.

पोरं ‘लॅग’ म्हणतात त्यात तीन वेगवेगळी दुखणी असतात. एकट्याचीच स्क्रीन अडखळत असेल तर त्याचा कॉम्प्युटर कमी पडतोय; सर्व्हरवर पैसे टाकून उपयोग नाही. सगळं चालतं पण प्रत्येक गोष्ट जराशी उशिरा होते, तेव्हा दोष मधल्या रस्त्याचा, म्हणजे पिंगचा. आणि फोडलेला दगड पुन्हा जागेवर उगवतो, गायी-मेंढ्या सगळ्यांच्याच स्क्रीनवर एकदम थबकतात, तेव्हा मात्र सर्व्हर खरोखर थकलेला असतो.

तो थकलाय का, हे मोजता येतं. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला 20 ठोके टाकतो, म्हणजे एका ठोक्याला 50 मिलिसेकंद. या वेळात जनावरं, पाणी, पिकं, रेडस्टोन सगळ्यांचा हिशेब उरकला तर ठीक. नाही उरकला की ठोके विसाच्या खाली येतात. पेपर नावाचं सर्व्हर सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर कन्सोलमध्ये ‘टीपीएस’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या, आकडा समोर येतो. पेपर फुकट आहे आणि मूळ सर्व्हरपेक्षा बराच चपळ. फक्त टीएनटीची नक्कल करणारी यंत्रं वगैरे काही करामती त्यात मुद्दाम बंद ठेवल्या आहेत. पोरांना हे आधी सांगा, नाहीतर घरात रडारड.

आमचा आकडा 13 होता. मग स्पार्क हे फुकट अवजार दहा मिनिटं चालू ठेवलं. कोणत्या कामात किती वेळ जातो, ते स्पार्क फोडून दाखवतं. गुन्हेगार निघाला एका पोराचा पोल्ट्री फार्म. कुंपणात सहाशेच्या वर कोंबड्या, आणि खाली अंडी गोळा करणाऱ्या हॉपरच्या रांगा! पन्नास कोंबड्या ठेवून बाकीच्यांची सोय लावली, आकडा 18 वर आला. खर्च शून्य.

दुसरा फुकटचा उपाय ‘सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज’ या फाइलमध्ये असतो. दिसण्याचं अंतर, म्हणजे व्ह्यू डिस्टन्स, मुळात 10 असतं. म्हणजे प्रत्येक खेळाडूभोवती 21 गुणिले 21, असे 441 चंक, म्हणजे नकाशाचे चौकोनी तुकडे. ते 7 केलं की 225 उरतात, जवळजवळ निम्मं ओझं उतरतं आणि खेळताना फारसं जाणवत नाही. त्याच फाइलमधलं सिम्युलेशन डिस्टन्स, म्हणजे जनावरं-पिकं हलती राहतात तेवढं अंतर, तेही 10 असतं, ते 5 किंवा 6 करा. पंख लावून कोणी नव्या मुलुखात उडत सुटला की सर्व्हरला धावत-पळत जमीन तयार करावी लागते. त्यासाठी चंकी हे फुकट प्लगइन रात्री लावून ठेवा, नकाशा आधीच तयार होतो. पण प्लॅनमध्ये डिस्क किती आहे ते पाहून. एवढं झाल्यावर आमचे ठोके विसाला टेकले.

तरी जळगावचा एक मुलगा कुरकुरतच होता. त्याच्या घरी राउटर एका खोलीत, कॉम्प्युटर दुसरीकडे, मध्ये दोन भिंती. दहा मीटरची लॅन केबल दोन-चारशे रुपयांत मिळते. तिने झटके थांबले, पण उशीर राहिलाच. खोदल्यावर कळलं की प्लॅन विकणारी कंपनी भारतातली, बिल रुपयांत, मशीन मात्र फ्रँकफर्टला! मुंबईपासून ते सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन 65 मिलिसेकंद कुठे गेले नाहीत. केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. कितीही जीबी विकत घेतले तरी हे अंतर कमी होत नाही.

खर्च करायचाच तर तो इथे करा: मशीन मुंबईत असलेला प्लॅन. सहा-आठ मुलांच्या, फारसे मॉड नसलेल्या सर्व्हरला 4 जीबी पुरतात. गरजेपेक्षा जास्त मेमरी जावाला दिली तर तिच्या साफसफाईसाठी जावाचं थांबणं उलट लांबू शकतं. या खेळाचं मुख्य काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, म्हणून जीबी मोजण्याऐवजी प्रोसेसरचं नाव विचारा. नुसतं ‘हाय परफॉर्मन्स’ असं उत्तर आलं तर पुढचं दुकान बघा. बॅकअप प्लॅनमध्ये धरलाय का, पिंग तपासायला पत्ता देता का, हेही विचारा. ‘अनलिमिटेड प्लेयर्स’कडे लक्ष देऊ नका, प्लेयर मोजून सर्व्हर दमत नाही, कोंबड्यांनी दमतो.

घरचाच जुना कॉम्प्युटर वापरावा का? 60 वॉटचं मशीन चोवीस तास चाललं तर महिन्याला 43 युनिट, दहा रुपये दराने 430 रुपये वीज. शिवाय अनेक ब्रॉडबँडवाले स्वतंत्र पब्लिक आयपी देत नाहीत, दिला तर वेगळे पैसे घेतात. आणि दिवे गेले की खेळ बंद. एकाच घरातल्या भावंडांसाठी ठीक, गावोगावच्या मित्रांसाठी नाही.

भाच्याला शेवटी मुंबईतला 4 जीबीचा प्लॅन घेऊन दिला: 600 रुपये, जीएसटीसह 708. वार्षिक सवलत मी नाकारली. तुम्हीही आधी एकाच महिन्याचे पैसे भरा, आणि शनिवारी रात्री नऊला, सगळी पोरं जमल्यावर, ठोके मोजा. विसाच्या आसपास राहिले तरच पुढचा महिना.