ओढा, बाग आणि कोरा कागद

आज चित्र पाहण्याचा एक लहानसा धडा घेऊ. ओढा, काठाला बाग, माणूस एकही नाही, अशा चित्राला आपण ‘सीनरी’ म्हणतो आणि पुढे जातो. आम्हीही पुष्कळ वर्षे असेच पुढे जात होतो.

आधी दोन नावे पाहू. सौदी अरेबियात रियाध शहरी बत्हा नावाची गजबजलेली पेठ आहे. परदेशी कामगारांची तेथे सदा वर्दळ. कोकणातून किती घरची माणसे सौदीत कमवायला गेली, हे आपल्या रायगडकरांना सांगायला नको. ‘बत्हा’ म्हणजे पुराने वाळू-गोटे आणून पसरलेले ओढ्याचे पात्र. ‘रियाध’ म्हणजे बागा, हिरवळी. पत्ता लिहिला की चित्र तयार! प्रत्यक्षात त्या ओढ्याच्या वाटेवरून आता मोटारींचा रस्ता जातो. बेरशेबा-दिमोनाच्या मंडळींना असा नहल ठाऊक आहे: वर्षभर कोरडा, आणि एका पावसात लोंढा.

आता जलरंगाचे चित्र घ्या. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा अशी पाण्याकाठची चित्रे काढली. या पद्धतीत पांढरा रंग सहसा वापरीत नाहीत. पाण्यावरची चमक म्हणजे न रंगविलेला कागद. चूक झाली की पांढरे परत मिळत नाही, म्हणून कुठे हात लावायचा नाही हे चित्रकाराला आधीच ठरवावे लागते. आमच्या मते खरी कसोटी येथेच आहे. झाडे कोणीही काढील!

मग प्रतिबिंब पाहा. ते झाडाच्या सरळ खाली पडते. गडद झाडाचे थोडे फिके, उजळ भिंतीचे थोडे काळसर. ते अखंड असेल तर पाणी स्थिर, आडव्या रेघांनी तुटले असेल तर वाहते. लांबची झाडे निळसर, फिकट होत जातात. हे नसेल तर बाग पडद्यासारखी अंगावर येते.

शाहू महाराज १९२२ साली गेल्यावर आबालालांनी दुःखाने आपली चित्रे कोटितीर्थात बुडविली, असे सांगतात.

घरी एक करा. भिंतीवरच्या चित्रातील पाणी तळहाताने झाकून पाहा, मग हात काढा. नंतर पेन्सिल घेऊन आपल्या गावचा ओढा आठवणीने काढा. काठ, पायवाट, माडाच्या सावल्या जमतील तशा काढा. पाण्याची जागा मात्र कोरी ठेवा.