चरबी पकडणारा सीडी ३६ शरीरात हवाच कशाला?

प्रश्न : आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. पेशींवर सीडी ३६ नावाचा रिसेप्टर असतो, तो चरबी पकडतो आणि पामतेल खाल्लं की त्याच्यामार्फत कॅन्सर अंगभर पसरतो, असं त्यात म्हटलंय. यात तथ्य किती? आणि हा रिसेप्टर एवढा घातक असेल, तर औषध देऊन तो बंदच का करत नाहीत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : रिसेप्टर खरा, त्याचं चरबी पकडणंही खरं. फक्त ज्यांच्या अंगात कॅन्सर पसरला ते उंदीर होते, एवढा तपशील मजकूर पुढे सरकताना गळला.

मूळ काम बार्सिलोनाचं. साल्वाडोर अझनार बेनिता यांच्या गटाने माणसाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी उंदरांत वाढवल्या. गाठीतल्या मोजक्याच पेशींवर सीडी ३६ भरपूर होता आणि दुसऱ्या अवयवात जाऊन रुजण्याची धमक त्यांच्यातच होती. चरबीचा खुराक दिलेल्या उंदरांत कॅन्सर जास्त पसरला. सीडी ३६ला अडवणारी अँटिबॉडी दिली तेव्हा पसरणं खूपच कमी झालं. हे २०१७ साली ‘नेचर’मध्ये छापून आलं. २०२१मध्ये याच गटाने दाखवलं की, हा परिणाम चरबीतल्या पामिटिक आम्लाने होतो. ओलेइक किंवा लिनोलेइक आम्लाने होत नाही. पामतेलात सुमारे ४४ टक्के पामिटिक आम्ल असतं, म्हणून सगळं खापर पामतेलावर फुटलं. पण साजूक तुपातही ते चौथ्या हिश्शाच्या आसपास असतं, शेंगदाणा तेलात दहाएक टक्के असतं आणि गरजेपेक्षा जास्त साखर-भात खाल्ला तर आपलं यकृत तेच आम्ल घरच्या घरी तयार करतं. फरसाणाचा पुडा लांब ठेवायला दुसरी पुष्कळ कारणं आहेत. पामतेलाने कॅन्सर पसरतो हे माणसांत सिद्ध झालंय असं मात्र म्हणता येणार नाही. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचं मोठं कारण आहे तंबाखू, गुटखा आणि सुपारी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे आणि तरी कोपऱ्याकोपऱ्यावर त्याच्या रिकाम्या पुड्या पडलेल्या असतात. ग्रुपवाल्यांनी तेलाच्या डब्याआधी तिकडे बघितलेलं बरं.

आता तुमचा खरा प्रश्न : हा शरीरात आहेच कशाला?

सीडी ३६ म्हणजे ४७२ अमिनो आम्लांची एक साखळी. तिची दोन्ही टोकं पेशीच्या आत आणि मधला मोठा भाग बाहेर असतो. या बाहेरच्या भागातून एक पोकळी आरपार जाते. २०१६ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्याची त्रिमितीय रचना शोधली, तेव्हा त्या पोकळीत पामिटिक आम्लाचे दोन रेणू बसलेलेच सापडले. काम करता करताच पकडला गेला म्हणायचा.

त्याचं रोजचं काम अगदी साधं आहे. जेवणातलं तेल-तूप आतड्यातून रक्तात येतं, केशवाहिन्यांत त्याची स्निग्धाम्लं सुटी होतात आणि ती स्नायूंत, हृदयात, चरबीच्या पेशींत घ्यायला सीडी ३६ मदत करतो. उंदरांच्या चरबीच्या पेशींवर त्याची ही ओळख नादा अबुमराद यांच्या गटाने १९९३मध्ये पटवली. हृदयाचं तर त्याच्यावाचून फारच अडतं, कारण त्याला लागणाऱ्या ऊर्जेतला निम्म्याहून बराच मोठा वाटा स्निग्धाम्लांतून येतो. स्नायूच्या पेशी काही सीडी ३६ आत राखून ठेवतात. माणूस चालायला लागला किंवा जेवणानंतर इन्सुलिन वाढलं, की हा साठा पृष्ठभागावर येतो आणि काम संपलं की परत आत जातो. टाइप २ मधुमेहात नेमकं हे परत जाणं बिघडतं. तो बाहेरच राहतो, गरज नसलेली चरबी आत घेत राहतो आणि ती हृदयाच्या स्नायूत साठू लागते.

जिभेवरही तो आहे. फ्रान्समधल्या दिजॉंच्या संशोधकांनी २००५मध्ये दाखवलं की, सीडी ३६ नसलेल्या उंदरांना चरबीची आवडच उरत नाही. कुरकुरीत भजी कुणाला कमी आवडतात, कुणाला जास्त. त्यात या जनुकातल्या फरकांचाही थोडा हात असावा. गडचिरोलीसारख्या भागात आढळणाऱ्या फाल्सिपेरम मलेरियाचा परजीवीही सीडी ३६चाच गैरफायदा घेतो. त्याने पछाडलेल्या तांबड्या पेशी केशवाहिन्यांतल्या सीडी ३६ला चिकटून बसतात आणि प्लीहेत नष्ट होण्यातून वाचतात.

सगळ्यात गुंतागुंतीचं प्रकरण मात्र धमन्यांतलं आहे. एलडीएल कोलेस्टेरॉल ज्या रिसेप्टरमधून पेशीत जातं, तो ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांनी शोधला आणि त्यांना १९८५चं नोबेल मिळालं. तो शहाणा आहे. आत कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की पेशी त्याची संख्या कमी करते. धमनीच्या भिंतीत अडकून ऑक्सिजनने खराब झालेलं एलडीएल मात्र भक्षक पेशी सीडी ३६मधून गिळतात आणि इथे हिशेब उलटा आहे. गिळलेल्या चरबीतले काही घटक पेशीच्या केंद्रकातल्या पीपीएआर-गॅमा नावाच्या स्विचला चिकटतात आणि तो स्विच आणखी सीडी ३६ बनवायला सांगतो. जेवणावळीत ज्याचं पान आधीच भरलेलं त्यालाच आग्रह करकरून वाढावं, तसं हे चालतं. हे १९९८मध्ये उघड झालं. पेशी चरबीच्या थेंबांनी फुगते, सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसते आणि धमनीतला थर अशाच पेशींनी जाड होत जातो.

मग तो बंदच का करू नये? उंदरांत हे करून झालंय. २०००मध्ये एका प्रयोगात सीडी ३६ काढून टाकल्यावर धमन्यांतले थर खूपच घटले. २००५मध्ये दुसऱ्या गटाने तसाच प्रयोग केला, तर काही फायदाच दिसला नाही. फेसाळ पेशींना चरबी गिळायचे आणखीही मार्ग सापडतात.

शिवाय निसर्गाने हा प्रयोग माणसांवरही करून ठेवलाय. जपानमध्ये एका रुग्णाला प्लेटलेट्स दिल्या तरी त्या टिकेनात. त्याच्या रक्तात दात्यांच्या प्लेटलेट्सवरच्या एका घटकाविरुद्ध अँटिबॉडी निघाली. या घटकाला १९८९मध्ये नाक-ए असं नाव मिळालं आणि पुढे कळलं की तो म्हणजे सीडी ३६च; रुग्णाच्या स्वतःच्या प्लेटलेट्सवर तो नव्हताच. आपल्याकडचा बॉम्बे रक्तगट जसा एरवी कळत नाही, रक्त द्यायची वेळ आली की कळतो, त्यातलाच हा प्रकार. सीडी ३६ नसलेली माणसं जपानमध्ये आणि आफ्रिकेत बऱ्यापैकी आहेत, युरोपीय वंशाच्या लोकांत फार कमी. किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं स्निग्धाम्ल देऊन स्कॅन केला, तर सीडी ३६ अजिबात नसलेल्यांचं हृदय त्यात उमटतच नाही. तरीही ते चालतात-फिरतात, कारण त्यांचं हृदय ग्लुकोजवर जास्त भागवतं. पण जेवणानंतर त्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड्स जास्त काळ चढलेली राहतात आणि इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणंही जपानी डॉक्टरांना त्यांच्यात आढळलंय. म्हणजे धमन्या वाचवायला जाऊन मधुमेहाकडे ढकलायचं.

सीडी ३६ सरसकट बंद करणारी गोळी औषधाच्या दुकानात मिळत नाही. कॅन्सरच्या पेशींपुरतं त्याला अडवायचं आणि हृदय, आतडं, स्नायू यांना धक्का लावायचा नाही, असा उपाय शोधावा लागेल. रेणू सगळीकडे तोच असल्यामुळे अँटिबॉडीला गाठीवरचा सीडी ३६ कोणता आणि हृदयावरचा कोणता हे ओळखता येत नाही. बार्सिलोनाचे उंदीर ती अँटिबॉडी घेऊन काही आठवडे बरे राहिले. तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाला ती वर्षानुवर्षं घ्यावी लागली तर काय, याचं उत्तर उंदीर देऊ शकत नाही.