गाठीचा रिपोर्ट घरातल्या सगळ्यांनी वाचावा

माझ्या दादाच्या पॅथॉलॉजी रिपोर्टात अगदी खाली दोन ओळी होत्या. एमएलएच१ आणि पीएमएस२ यांच्यापुढे ‘रिटेन्ड’ लिहिलं होतं, एमएसएच२ आणि एमएसएच६ यांच्यापुढे ‘लॉस’. ऑपरेशन झालं तिथे आम्हाला स्टेज समजावून सांगितली, पुढच्या तारखा दिल्या, गोळ्या लिहून दिल्या. या दोन ओळींबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. आतड्याच्या कॅन्सरचा रुग्ण ज्यांच्या घरात आहे, त्यांनी फाईल काढून या ओळी आधी शोधाव्यात, म्हणून हे लिहिते आहे.

मी नागपूरच्या धंतोलीत, दवाखान्यांच्या वस्तीत राहते. चंद्रपूर, यवतमाळ, गोंदियापासून थेट बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतची माणसं आमच्या गल्ल्यांमधून एक्स-रेच्या पिशव्या घेऊन हिंडत असतात. दादाही असाच वर्ध्याकडून आला. वय पंचेचाळिशीच्या आतलं, पोट कधी दुखलं नाही, शौचावाटे रक्त दिसलं नाही. फक्त थकवा आणि सतत उतरणारं हिमोग्लोबिन. उन्हातान्हाचं काम आणि वेळीअवेळी जेवण, असं म्हणून त्याला बरेच महिने लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ अशीच गुपचूप रक्त गाळते. धडधाकट पुरुषाचं हिमोग्लोबिन कारण नसताना उतरत असेल, तर टॉनिकवर थांबू नका, कोलोनोस्कोपी करायची का ते विचारा.

ऑपरेशन चांगलं झालं. स्टेज दोन. बारापेक्षा जास्त लसिकाग्रंथी तपासल्या होत्या, त्यातली एकही बाधित नव्हती. (हा बाराचा आकडाही रिपोर्टात पाहून घ्या. त्याहून कमी तपासल्या असतील तर स्टेजवर पुरता भरवसा ठेवता येत नाही.) मग कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सुरू झाल्या. तोंड आलं, तळहात-तळपायांची सालं निघाली, जुलाबांनी त्याला भरती करावं लागलं. तेव्हा आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत घेतलं. त्यांनी फाईल शेवटच्या पानापासून वाचायला घेतली आणि त्या दोन ओळींवर येऊन थांबले.

त्यांनी जे समजावलं ते असं. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि तीत चुका राहतात. त्या दुरुस्त करणारी चार प्रथिनं (एमएमआर) म्हणजे रिपोर्टातली ही चार नावं. एखादं प्रथिन गाठीत नसलं, तर चुका साचत जातात. स्टेज दोनच्या सुमारे 15 टक्के गाठी अशा असतात. ऐकायला हे भीतिदायक वाटतं, पण या स्टेजला ती चांगली बातमी असते. अशा गाठी परतून येण्याची शक्यता कमी असते आणि फ्लोरोयुरॅसिलच्या जातीचं एकटं औषध त्यांना उपयोगी पडत नाही. कॅपेसिटाबिन त्याच जातीचं. म्हणजे दादाने सोसलेल्या त्रासातून त्याला काही मिळणारच नव्हतं. गोळ्या बंद झाल्या.

त्या दिवशी दादाने एकच विचारलं, “मंग डॉक्टर, माह्याकडे किती वर्षं हायेत?” हा प्रश्न मी आमच्या भागातल्या कितीतरी जिन्यांवर ऐकला आहे. जनुकांच्या तपासणीकडे लोक पत्रिकेसारखं पाहतात, आणि माझा आक्षेप यालाच आहे. एका माणसाचं आयुष्य किती, हे कुठलंही जनुक सांगत नाही. कुठलं औषध लागू पडेल, कुठलं वाया जाईल, गाठ परतण्याचा धोका कुठल्या गटातला आहे, एवढं ते सांगतं. विचारायचं ते हे.

आजार पसरलेला असेल तर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा होतो. सुमारे 40 टक्के रुग्णांच्या गाठीत केआरएएस या जनुकात बदल असतो. सेटुक्सिमॅब आणि पॅनिट्युमुमॅब ही महागडी इंजेक्शनं त्यांच्यावर चालत नाहीत, हे 2008 पासून पक्कं माहीत आहे. एनआरएएसचंही तसंच. बीआरएएफमधला व्ही६००ई नावाचा बदल आठ-दहा टक्क्यांत सापडतो. त्यात आजार वेगाने वाढतो, पण त्याच्यासाठी आता वेगळी गोळी आहे. दादासारख्या गाठी पसरल्या तर प्रतिकारशक्तीला जागं करणारी इम्युनोथेरपी केमोला मागे टाकते. 2020 च्या एका मोठ्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब या तशा औषधाने निम्म्या रुग्णांत आजार किमान साडेसोळा महिने थोपवून धरला, केमोने सव्वाआठ. न्यूयॉर्कला 2022 मध्ये अशाच गाठी गुदाशयात असलेल्या पहिल्या बारा रुग्णांना फक्त डोस्टारलिमॅब हे त्याच जातीचं औषध दिलं, आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली. म्हणून पसरलेल्या आजारात पहिली सलाईन लागण्याआधी विचारा: आरएएस (म्हणजे केआरएएस आणि एनआरएएस), बीआरएएफ आणि एमएमआर तपासलं का? शेकडो जनुकांचं महागडं पॅनेल कुणी सुचवलं, तर त्यातून उपचारात नेमकं काय बदलणार आहे, हे आधी ऐकून घ्या. एमएमआरची तपासणी त्या मानाने पुष्कळ स्वस्त आहे आणि साध्या स्लाईडवर होते.

या सगळ्यासाठी लागतो तो गाठीचा तुकडा. आपल्याकडे ऑपरेशननंतर बरणी नातेवाइकाच्याच हाती देऊन “लॅबमध्ये नेऊन द्या” असं सांगण्याची पद्धत आहे. बरणीत फॉर्मलिनच आहे ना आणि तुकडा त्यात पूर्ण बुडाला आहे ना, हे विचारून घ्या. सलाईनमध्ये तो खराब होतो. वाटेत चहाला थांबू नका, बरणी रात्रभर घरीही ठेवू नका. पुढे त्याचा मेणातला ब्लॉक तयार होतो. मुंबईला टाटा मेमोरियलला जायचं असो की इथेच तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला किंवा जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलला, ब्लॉक आणि स्लाईड मागून घ्या, ते देण्याची सगळीकडे पद्धत आहे. मे महिन्यात बंद गाडीत ब्लॉक ठेवू नका. ते मेण साठ अंशांच्या आतच वितळतं, आणि नागपूरच्या उन्हात गाडीच्या काचेमागे काय होतं ते आपण जाणतोच.

आता त्या ओळींचा दुसरा अर्थ. गाठीत एमएसएच२ नसण्यामागे बहुतेक वेळा जन्मापासूनचा जनुकीय बदल असतो. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात, आणि आतड्याच्या कॅन्सरच्या शंभरातल्या साधारण तीन रुग्णांत तो असतो. आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आमचे बाबा ‘पोटाच्या आजाराने’ गेले, आत्या गर्भाशयाच्या कॅन्सरने. दोन्ही दुःखं घरात वेगवेगळी सांगितली जायची. दादाच्या रक्ताची तपासणी झाली आणि ती एका धाग्यात आली, कारण हाच बदल गर्भाशयाच्या कॅन्सरचाही धोका वाढवतो. मग माझं रक्त दिलं. माझ्यातही तोच बदल निघाला. पहिल्याच कोलोनोस्कोपीत एक पॉलिप सापडला आणि तिथल्या तिथे काढला. त्याचा कॅन्सर अजून झालेला नव्हता.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण त्यावरून घरोघर घबराट होते. गाठीत सापडलेला केआरएएसचा बदल गाठीपुरताच असतो, तो मुलांकडे जात नाही. वारशाचं आहे की नाही हे रक्ताच्या तपासणीतूनच कळतं, आणि ती करण्याआधी जेनेटिक समुपदेशकाशी बोलावं. टाटाच्या खारघर केंद्रात या कामासाठी स्वतंत्र विभाग आहे.

सगळ्यात अवघड गेलं ते घरच्यांना सांगणं. वहिनी म्हणाल्या, “पोरीचं लग्न व्हायचंय. हे बाहेर कळलं तर स्थळ येईल का?” त्यांची भीती खोटी नव्हती, आणि तिला हसण्यावारी नेणाऱ्यांचा मला राग येतो. मी त्यांना एवढंच म्हटलं, की रिपोर्ट तिचा आहे, गावाचा नाही. कुणाला सांगायचं ते ती ठरवेल, पण तिला स्वतःला तरी माहीत असू द्या. ज्यांच्यात एमएसएच२ किंवा एमएलएच१चा बदल आहे त्यांनी विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करायची असते. बायकांनी मासिक पाळीतला अनियमित किंवा पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव अंगावर काढायचा नसतो. भाचीने पंचविशीत स्वतःहून तपासणी केली. तिच्यात तो बदल नाही. तिच्या धाकट्या भावात आहे, आणि त्याची तपासण्यांची वही आता तीच सांभाळते.

नातेवाइकांच्या तपासणीला जाताना पहिल्या रुग्णाचा जनुकीय रिपोर्ट सोबत न्यावा. तोच एक बदल शोधायचा असल्याने खर्च कमी येतो आणि उत्तर निर्विवाद मिळतं. दादाच्या रिपोर्टच्या प्रती मी आत्याच्या दोन्ही मुलींना पाठवल्या. मोठीने लगेच रक्त दिलं. धाकटी म्हणते, मुलाची दहावी होऊ दे. मी तिला अधूनमधून फोन करते आणि दर वेळी तिच्या हिमोग्लोबिनची चौकशी करते.