एहदेन : डोंगरावरच्या एका गावाचा वारसा



केरळच्या सिरो-मलबार बांधवांमुळे 'सिरियाक' हा शब्द आपल्या कानांवरून गेलेला आहे. प्रभू येशू जी अरामी बोलत, तिच्याच कुळातली ही भाषा. लेबनॉनच्या मारोनी ख्रिस्तसभेनेही ती उपासनेत जपली. संत मारोन या सिरियातील तपस्व्याच्या नावाने ओळखले जाणारे हे लोक परमगुरुस्वामींशी एकनिष्ठ आहेत, पण त्यांचा मिस्साविधी त्यांचा स्वतःचा आहे. त्यांच्या एका गावाची आज ओळख करून घेऊ.

गावाचे नाव एहदेन. उत्तर लेबनॉनमध्ये, कादिशा खोऱ्याच्या माथ्यावर, आपल्या महाबळेश्वराहून थोडे उंच. कादिशा म्हणजे पवित्र. मठ आणि गुहांचे हे खोरे १९९८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. एहदेनकरांची दोन घरे असतात. उन्हाळ्यात ते वर राहतात आणि थंडी पडू लागली की खाली झगर्ता गावी उतरतात. वरच्या गावाच्या मुख्य चौकाला 'मीदान' म्हणतात. आपले 'मैदान' तेच! गावातील मार मामा हे छोटे दगडी चर्च इ.स. ७४९ चे मानले जाते.

१५८४ साली परमगुरुस्वामी तेरावे ग्रेगरी यांनी मारोनी मुलांसाठी रोममध्ये विद्यालय काढले आणि एहदेनची मुले समुद्रापार जाऊ लागली. जिर्जिस अमीरा यांनी १५९६ साली तेथे सिरियाकचे व्याकरण छापले. पुढे ते मारोनींचे पॅट्रिआर्क म्हणजे प्रमुख महागुरू झाले. जिब्राईल सहयूनी पॅरिसच्या बहुभाषी बायबलाच्या कामात खपले आणि १६४८ साली तेथेच वारले. युरोपात राहिलेल्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. पण मग गावातल्या पोरांना शिकवायचे कोणी?

एस्तेफान दुवैही यांची थोरवी आम्हाला इथेच दिसते. १६३० साली एहदेनमध्ये जन्मलेले दुवैही अकराव्या वर्षी रोमला गेले, तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकले आणि १६५५ मध्ये परतले. एवढा शिकलेला हा तरुण गावच्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवू लागला. सेमिनरीत तत्त्वज्ञान घोकलेल्या आम्हां मंडळींना हे वाचताना जरा टोचतेच.

मारोनी लोक मुळात चुकीच्या शिकवणीचे होते, असा आक्षेप तेव्हा घेतला जात असे. उत्तर शोधण्यासाठी दुवैहींनी जुन्या प्रार्थनापोथ्या धुंडाळल्या. समाज काय मानत आला, हे त्याच्या प्रार्थनेत उमटलेले असते. जशी प्रार्थना तशी श्रद्धा, हे ख्रिस्तसभेचे जुनेच सूत्र. मिस्साविधीवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला आणि आपल्या लोकांचा इतिहासही लिहिला. त्यांचे सारे निष्कर्ष आजचे इतिहासकार स्वीकारतात असे नाही. पण चर्चच्या कपाटातले वाळवी लागलेले कागद म्हणजे पुरावा, हे त्यांनी पक्के ओळखले होते. (आपल्या धर्मग्रामातील जुनी रजिस्टरे आठवावीत.) १६७० साली ते पॅट्रिआर्क झाले. छळामुळे त्यांना अनेकदा कन्नुबीनचा मठ सोडून पळावे लागले. १७०४ मध्ये तेथेच त्यांनी देह ठेवला. २ ऑगस्ट २०२४ रोजी त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

याच परिसरातील कोझहय्या मठात १६१० साली स्तोत्रसंहिता छापली गेली. एका रकान्यात सिरियाक, दुसऱ्यात अरबी. मात्र अरबीही सिरियाक अक्षरांत! लोक बोलत अरबी, पण त्यांच्या प्रार्थनेची लिपी ही होती. या पद्धतीला गर्शुनी म्हणतात. सहाच वर्षांनी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात राशोल येथे छापले गेले, तेही मराठी भाषेत आणि रोमन अक्षरांत. तिथे लिपीची माया होती, इथे मराठी खिळ्यांची उणीव. तरीही दोन्हीकडे लोकांना समजेल त्या भाषेत देवाचे वचन पोहोचवण्याची धडपड दिसते.

आज एहदेन-झगर्ताची अनेक कुटुंबे ऑस्ट्रेलियात स्थायिक आहेत. मारोनी मिस्सात भाकर आणि द्राक्षरस यांवर उच्चारायचे प्रभूचे शब्द अजूनही सिरियाकमध्ये गायले जातात. अरबीही धड न येणारी सिडनीतील मुले ते शब्द त्याच भाषेत ऐकतात.