बोळा नको, झाकण कर

अगं, ओट्याशी उभं राहिलं की मानेवर गार वारा बसतो म्हणून एक्झॉस्ट फॅनच्या भोकात जुनी गोधडी कोंबलीस म्हणे. ती आधी काढ. वाऱ्याचा बंदोबस्त करू आपण, पण तो बोळा तिथे एक रात्रही नको.

धाराशिवची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. मराठवाडा म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त ऊन येतं. पण गाव बालाघाटाच्या डोंगररांगेवर आहे. येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येच्या, सुमाराला आभाळ स्वच्छ असतं, दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते आणि पहाटे उत्तरेचा वारा अंगाला झोंबतो. तुझ्या ओट्याची भिंत नेमकी उत्तरेला!

जुन्या माळवदाच्या घरांत चुलीवर छताला सानं असायचं. धूर त्यातून जायचा, उजेड यायचा आणि पाऊस आला की वर झाकण सरकवायचं. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात लोहारा-उमरग्याकडची तसली दगडमातीची किती घरं गेली. नंतर सिमेंटची घरं आली, सान्याच्या जागी भिंतीत भोक आलं, पण झाकणाची आठवण काही कुणाला राहिली नाही. तुला हवंय ते झाकणच, उघडता येईल असं.

आधी वारा नक्की कुठून येतो ते बघ. पंखा बंद ठेवून अगरबत्ती लाव आणि भोकाच्या कडेकडेने हळूहळू फिरव. धूर आत वळला की तिथे फट आहे. पुष्कळदा पंख्याच्या पात्यांपेक्षा चौकट आणि भिंत यांच्यामधूनच जास्त वारा येतो. तिथे सध्या फोमची चिकटपट्टी लाव, पुढे मिस्त्रीकडून व्हाइट सिमेंट भरून घेता येईल. बाहेरच्या बाजूला पंख्याला पट्ट्यांची झडप आहे का तेही पाहा. पंखा चालला की त्या पट्ट्या उघडतात आणि थांबला की आपल्या वजनाने मिटतात. फोडणीच्या तेलाचा चिकटा बसला की अर्ध्यावरच अडकतात आणि मग सगळा वारा घरात. पंख्याचा प्लग काढून, गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून त्या घासून काढ. निम्मं काम तिथेच होईल. झडपच नसेल, तर हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

तोवर रात्रीपुरतं प्लायचं झाकण कापून घे, कडेला फोम लाव आणि ओढायला दोरी. नेम मात्र पक्का ठेव. झाकण लावायच्या आधी रेग्युलेटर बंद, गॅस पेटवायच्या आधी झाकण काढलेलं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर फरशीलगत साचतो. म्हणून दाराखालची फट चिंध्यांनी बुजवू नकोस. आणि कोंडलेल्या खोलीत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग, माणूस झोपेतच जातो. उबेसाठी कोळशाची शेगडी घरात घेऊन झोपायचं तर मनातही आणू नकोस, बाई. कधी गॅसचा वास आलाच, तर कुठल्याही बटणाला, एक्झॉस्टच्यासुद्धा, हात लावायचा नाही. दारं-खिडक्या उघड, बाहेर ये आणि 1906 ला फोन कर.

राहिला खर्च. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 प्रमाणे घर नीट ठेवणं मालकाचं काम आहे. पण तुझा 11 महिन्यांचा करार लिव्ह अँड लायसन्सचा. त्यात भाडेकरूचे सगळे हक्क मिळतात असं धरून चालू नकोस, दुरुस्ती कुणाकडे लिहिली आहे ते वाच. भिंतीला हात लावायच्या आधी घरमालकीणबाईंना विचार आणि त्यांचा होकार मेसेजवर घेऊन ठेव. तक्रारीच्या सुरात नको. संध्याकाळी त्यांना स्वयंपाकघरात बोलाव, अगरबत्ती लावून धूर कुठे वळतो ते दाखव. झडप घर सोडतानाही त्यांच्याच भिंतीला राहणार आहे, तेव्हा निम्मे पैसे मागायला लाजू नकोस.

दुकानात जाताना भोकाचं माप इंचांत लिहून ने आणि पंख्याचा फोटोही घे, नाहीतर दोनदा हेलपाटा पडेल.